तारेखालनं काय काय जातं

आमच्या मॅडमना मानेचा पट्टा लागला तेव्हा कोर्टात कुणालाही आश्चर्य वाटलं नाही. इतकी वर्षं तो लागला कसा नाही, याचंच सगळ्यांना नवल. बाई रस्त्यानं चालताना कधी समोर बघायच्या नाहीत. नजर कायम वर, विजेच्या तारांवर. सोलापुरातल्या शुक्रवार पेठेतल्या घरातून निघून रिक्षापर्यंत जायचं म्हटलं तरी त्यांना एखादी ठेच लागायची, गटारीच्या फरशीवरून पाय घसरायचा, नाहीतर एखाद्या भाजीवालीच्या पाटीत पाय पडायचा. भाजीवाली ओरडायची आणि मॅडम वर बघतच तिची माफी मागायच्या. त्या लांबून येताना दिसल्या की गल्लीतले दुकानदार पायरीवरचा माल मुकाट्यानं आत ओढून घेत.

हाडाच्या डॉक्टरांनी बजावलं होतं, मान वर करायची नाही. मॅडमनी मान वर केली नाही. त्या कमरेतून मागे झुकून तारा बघू लागल्या. साठी ओलांडलेली बाई काळ्या कोटात भर रस्त्यात मागे वाकलेली, तिच्या पाठीला हात लावून मी उभी, आणि मागे रिक्षावाल्यांचे हॉर्न. ‘डॉक्टरनं मानेचं सांगितलंय,’ त्या म्हणायच्या. ‘कमरेचं काही बोलला नाही तो.’

मी त्यांची ज्युनिअर. वैरागजवळच्या शेतकऱ्याच्या घरातली मुलगी. बार्शीत कॉलेज केलं, सोलापुरात वकिली शिकले आणि मोठं दिवाणी काम शिकायला मिळेल म्हणून त्यांच्याकडे गेले. पहिल्याच आठवड्यात कळलं, की इथे बांधाची भांडणं नाहीत, भाडेकरू नाहीत, घटस्फोट तर नाहीतच. इथे फक्त शॉक लागून गेलेल्या माणसांचे दावे. कुठे खांब कललेला, कुठे तार तुटून पडलेली, कुठे डीपीचं झाकण उघडं राहिलेलं. माणूस जायचा आणि मागच्यांनी वीज कंपनीवर नुकसानभरपाईचा दावा लावायचा. बाकीचे वकील असल्या केसला हात घालताना दहादा विचार करत, कारण कंपनीला कसलीच घाई नसते आणि मागे राहिलेल्या बाईला थांबायला बळ नसतं. मॅडमना या केसेसशिवाय दुसरं काही सुचायचंच नाही.

लोकांना वाटायचं, यांच्या घरातलंच कुणीतरी असं गेलं असणार. एका वार्ताहरानं तसं सरळ विचारलंही. डोळ्यांत पाणी आणून ऐकायची त्याची तयारी होती.

‘कुणी नाही गेलं जी माझं,’ मॅडम म्हणाल्या. ‘आपलं गेल्यावरच माणसाला कळायला पाहिजे का?’

वार्ताहर हिरमुसला. त्याची बातमी काही छापून आली नाही.

त्यांचं घर म्हणजे खाली ऑफिस आणि वर दोन खोल्या. वडिलांचं सुताचं दुकान होतं, त्याच जागेत आता टेबल-खुर्च्या. घरात उर्दू, गल्लीत दख्खनी आणि कोर्टात मराठी. चिडल्या की तिन्ही एकदम. मला वाटलं होतं, जन्मभर असले मृत्यू बघितलेली बाई विजेला घाबरत असेल. उलट त्यांच्याइतकं विजेवर प्रेम करणारं माणूस मी पाहिलेलं नाही. भर दुपारी सगळे दिवे चालू. लाईट आली की लहान मुलासारख्या खूश व्हायच्या. ‘विजेचा काही गुन्हा नाही,’ हे त्यांचं ठरलेलं वाक्य. ‘तिला वाट मिळाली, ती गेली. वाट कुणी मोकळी सोडली ते विचारा.’

कायद्याचं तत्त्व त्या अशिलांना ज्या भाषेत सांगायच्या, ती भाषा मला अजून साधलेली नाही. आम्ही म्हणणार, धोकादायक वस्तू बाळगणाऱ्याची निरपेक्ष जबाबदारी वगैरे. त्या म्हणायच्या, ‘एखाद्यानं गावात वाघ आणून पाळला. पिंजऱ्याची कडी कुणी बघायची? शेजाऱ्यानं?’ समोरची बाई डोळे पुसता पुसता मान हलवायची. तिला केस समजलेली असायची.

कोर्टात त्या साडीखाली पांढरे कॅनव्हासचे बूट घालायच्या, जाड रबरी तळाचे. एका नव्या न्यायाधीशांनी त्याबद्दल हटकलं. ‘साहेब, मी आज ज्या गावाहून आले तिथं खांबातून करंट उतरतोय,’ मॅडम म्हणाल्या. ‘बूट काढले असते तर आज दुसऱ्या वकिलांनी तारीख मागितली असती.’ साहेब हसले आणि तो विषय तिथेच संपला. जेवणाच्या सुट्टीत बार रूममध्ये त्या पिशवीतून कडक भाकरी काढायच्या आणि शेंगाचटणीला लावून खायच्या. भाकरी मोडल्याचा आवाज खोलीभर व्हायचा आणि कंपनीचे वकील दचकून बघायचे. ते मुद्दाम होतं असा माझा संशय आहे.

लग्नाला बोलावलं तर आणखी पंचाईत. मॅडम नवरा-नवरीकडे जायच्या आधी मांडववाल्याकडे जायच्या. मांडवाचे पाईप लोखंडी आहेत का, वायर कुठून ओढली, अर्थिंग दिलंय का, सगळं विचारून झालं की मग अक्षता. पेठेतल्या समजूतदार यजमानांनी यावर तोड काढली होती. ते पत्रिका द्यायला येतानाच इलेक्ट्रिशियनला सोबत आणत.

आणि तरी गंमत अशी, की कंपनीचे लाईनमन त्यांच्याकडे चहाला यायचे. ज्यांच्या साहेबांना त्या कोर्टात घाम फोडायच्या, तेच लोक खांबावरून उतरून ऑफिसात बसायचे. त्यातल्या कंत्राटी मुलांना हातमोजे मिळालेत का, हे मॅडम सासूच्या कडकपणानं विचारायच्या. कुठली लाईन झिजलीय, कुठला खांब गंजलाय, हे त्यांना कंपनीच्या आधी कळायचं. कळलं की लगेच तक्रार केंद्राला फोन. नाव सांगायच्या आणि पुढे म्हणायच्या, ‘आज मी फोन केलाय हे लक्षात ठेवा. तिथं काही झालं तर हा फोन मी कोर्टात सांगीन.’ दुसऱ्या दिवशी तार ओढलेली असायची.

अशा ओढलेल्या तारा त्या मला दाखवायच्या. रिक्षातून जाताना एकदम बोट वर करायच्या. ‘ती बघ. ती माझी केस. आली नाही.’ पुढच्या चौकात परत, ‘ही पण माझी केस. ही पण आली नाही.’ जिंकलेल्या केसेसबद्दल त्या एक अक्षर बोलायच्या नाहीत. न आलेल्या केसेस मात्र घरातल्या लेकरांसारख्या कौतुकानं दाखवायच्या. मला तेव्हा ते जरा वेडेपणाचं वाटे. आता त्या रस्त्यांनी एकटी जाते तेव्हा माझी मान आपोआप वर होते, आणि मला या बाईचा जो अभिमान वाटतो तो मी लपवत नाही.

पण त्यांची खरी तऱ्हा होती ती गावात गेल्यावरची. माणूस जिथे गेला तिथे त्या स्वतः जायच्या. एसटीनं, जीपनं, मिळेल त्यानं. गेल्या गेल्या कागद मागायच्या नाहीत, मृत्यू कसा झाला तेही विचारायच्या नाहीत. त्या घरात आधी जेवायच्या. मग जमलेल्या माणसांना घेऊन त्या तारेखाली जायच्या आणि एकच प्रश्न विचारायच्या.

‘या तारेखालनं वर्षभरात काय काय जातं?’

लोकांना वाटायचं, बाई भोळी आहे. पण उत्तरं सुरू झाली की थांबायची नाहीत. उसाची ट्रॉली जाते. मळणीयंत्र जातं. वरातीतल्या लायटिंगची गाडी जाते. कुणाच्या घराचं लोखंडी दार जातं. मॅडम ऐकत राहायच्या. तार किती उंच होती हे कुणी मोजलेलं नसतं, पण त्याखालून काय गेलं आणि काय अडलं हे गावाला ठाऊक असतं, असं त्यांचं म्हणणं होतं. एके ठिकाणी हत्ती अडला होता म्हणे, सर्कशीचा. ती केस आम्ही हत्तीवर जिंकलो.

अंबादासची केस मात्र निराळी होती.

वैरागच्या पुढचं गाव. अंबादास तरणा माणूस, स्वतःची थोडी शेती, शिवाय दुसऱ्यांच्या ट्रॅक्टरवर जायचा. उन्हाळ्याच्या शेवटी पाऊस यायच्या आत कडबा रानातून आणून गंज रचायची घाई असते. कडब्यानं भरलेल्या ट्रॉलीवर तो उभा होता, ट्रॅक्टर पाणंदीच्या वळणावर आला आणि वरची तार त्याला लागली. तिथला खांब कलला होता, तार झोळ पडून खाली आली होती, असं घरच्यांचं म्हणणं. पण त्याच संध्याकाळी कंपनीच्या माणसांनी येऊन खांब सरळ केला आणि तार ताणून घेतली. दुसऱ्या दिवशी पंचनामा झाला तेव्हा तार व्यवस्थित उंच. ट्रॉलीत एक तारेचा तुकडा सापडला, फाळका म्हणजे ट्रॉलीची मागची फळी बांधायचा. कंपनीनं म्हटलं, हा आकडा. मयत हा चोरून वीज घ्यायला तारेवर आकडा टाकत होता आणि त्यात मेला.

त्याची बायको सुरेखा आमच्या ऑफिसात आली तेव्हा तिनं सासूला बरोबर आणलं होतं. म्हातारी खाली बसून राहिली. सुरेखा उभ्यानंच बोलली.

‘बाई, भरपाई मिळंल न्हाय मिळंल, ते नंतरचं. माज्या पोरीला शाळंत आकडेवाल्याची म्हनत्यात. ह्या वर्साच्या जत्रंत काठी दारात आली. ज्याच्या घरचा नारळ त्याचं नाव घेत्यात आमच्याकडं. आमच्या दारात गुरवानं मारुतीचा नारळ म्हनून हाक दिली. मारुती म्हंजी माजा सासरा. त्यो जाऊन किती वर्सं झाली. देवाम्होरं ह्येंचं नाव घ्यायला लाजत्यात बाई. तेवडं नाव मला माघारी द्या.’

मॅडमनी पट्ट्यातली मान कशीबशी तिच्याकडे वळवली. ‘हौ,’ त्या म्हणाल्या. ‘देऊ.’

मला धडकी भरली. मॅडम कधी कुणाला शब्द द्यायच्या नाहीत.

दावा लावल्यावर कंपनीच्या वकिलांनी तडजोडीचा निरोप धाडला. माणुसकी म्हणून काहीतरी देतो, दावा मागे घ्या, चूक आम्ही मान्य करणार नाही. मी तो निरोप सुरेखाला नीट समजावून सांगितला. घरात कमावणारं कुणी नाही, हेही सांगितलं. ती म्हणाली, ‘म्हंजी आकडा ऱ्हायलाच की.’ तडजोडीचा विषय संपला.

आम्ही गावात गेलो. सुरेखाच्या घरी जेवलो. पाणंदीच्या वळणावर गावातली बरीच माणसं जमली. सगळे एका सुरात सांगत होते, तार खाली होती. मी विचारलं, ‘कधीपासून?’ कुणी बोलेना. मी विचारलं, ‘मग तक्रार का नाही केली?’ आता तर सगळे पायांकडे बघायला लागले. कंपनीचे वकील नेमकं हेच विचारणार होते आणि गाव असंच गप्प बसणार होतं.

मॅडम कमरेतून मागे वाकल्या, तार बघितली आणि सरळ होऊन म्हणाल्या, ‘या तारेखालनं वर्षभरात काय काय जातं?’

उत्तरं आली. ऊस, कडबा, मळणीयंत्र, बोअरची गाडी. तेवढ्यात अंबादासची आई म्हणाली, ‘आन काठी जाती की, भैरोबाची.’

एकजण म्हातारीला म्हणाला, ‘तू गप गं.’

परत घराकडे येताना मॅडमनी तिथल्या पोरांकडे जत्रेचे व्हिडिओ मागितले. काठी म्हणजे उंच बांबू, रंगीत कापड गुंडाळलेला, वर तुरा. गावाचा मानकरी ती पोटाच्या पट्ट्यावर पेलतो, चारजण दोऱ्या धरतात. देवळापासून शिवेपर्यंत काठी उभीच न्यायची, आडवी होऊ द्यायची नाही, वाकवायची तर नाहीच. काठी वाकली तर गावाची मान खाली गेली. मॅडमनी ओसरीवर बसून एकामागून एक व्हिडिओ बघितले. आदल्या वर्षीच्या जत्रेत काठी वळणावरून ताठ गेलेली. अंबादास गेल्यानंतरच्या जत्रेत, तार ओढून घेतल्यावर, तीही ताठ. पण अंबादास गेला त्याच्या महिनाभर आधीची जी जत्रा, तिच्या व्हिडिओत काठी विहिरीपर्यंत दिसायची आणि नंतर एकदम शिवेवर. कुणाचाही मोबाइल घ्या, मधलं वळण नव्हतं.

‘क्या जी,’ मॅडम हळूच मला म्हणाल्या. ‘सगळ्यांची बॅटरी एकाच जागी संपली?’

मी शेतकऱ्याच्या घरातली. मला लख्ख कळलं. त्या जत्रेत तार इतकी खाली होती, की काठी सरळ जाईना. मानकऱ्यांनी माणसं विहिरीपाशी थांबवली, पोरांना मोबाइल खिशात ठेवायला लावले आणि काठी वाकवून पलीकडे काढली. मग सगळ्यांनी मिळून ठरवलं, की हे बोलायचं नाही. तक्रार करायची तर कारण सांगावं लागणार. कारण सांगितलं तर काठी वाकल्याचं तालुक्याला कळणार. म्हणून कुणी तक्रार केली नाही, तार तशीच राहिली, आणि महिन्याभरानं अंबादास कडब्यावर उभा राहून तिथूनच गेला.

काठी पेलणारे आबा गावाच्या वरच्या आळीला राहत. सत्तरीला आलेले, पण खांदे अजून रुंद. आम्ही गेलो तेव्हा ते दारातच उभे होते, आम्ही येणार हे कळलेलं असावं. मॅडमनी प्रस्तावना केली नाही.

‘आबा, आमच्या गल्लीत सवारी निघते मोहरमला. लहानपणी एकदा वायर आडवी आली, तर सवारी खाली घ्यावी लागली. माझे वडील आणि गल्लीतले सगळे दोन दिवस जेवले नाहीत. मी तेव्हा विचारलं होतं, मान तुम्ही खाली घातली, वायर कुणी खाली आणली?’

आबा म्हणाले, ‘बाई, आमी तवाच बोललो असतो तर पोरगं वाचलं असतं. ह्ये मला रोज आटवतं. पर कोर्टात सांगायचं म्हंजी मीच सांगायचं की, माज्या हातानं देवाची काठी वाकली. माज्या बापानं वाकवली न्हाई, आज्यानं न्हाई.’

‘मी समन्स काढणार नाही,’ मॅडम म्हणाल्या. ‘देवाच्या माणसाला मी शिपायाकडून बोलावणार नाही. तारीख ही मुलगी सांगेल. आलात तर या.’

परतीच्या एसटीत मी मॅडमशी भांडले. साक्षीदार हातात असताना त्याला मोकळं सोडायचं, ही कुठली वकिली, असं मी तोंडावर म्हणाले. त्या खिडकीतून वर बघत होत्या. ‘ओढून आणलेला साक्षीदार उलटतपासणीत वाकतो गं,’ त्या म्हणाल्या. ‘हा माणूस एकदाच वाकलाय. आता नाही वाकणार.’

बार्शीच्या कोर्टात तारीख होती. सुरेखा मुलीला घेऊन सकाळीच येऊन बसली होती. आमच्या केसचा पुकारा व्हायची वेळ आली तरी आबांचा पत्ता नव्हता. मी तीनदा फाटकापर्यंत जाऊन आले. मॅडम मात्र बाकावर बसून कडक भाकरी मोडत होत्या. मोडलेला एकही तुकडा तोंडात जात नव्हता. पुकारा झाला, आम्ही आत गेलो, आणि दारातून आबा आले. अनवाणी, डोक्याला जत्रेतला फेटा, कपाळाला भंडारा. मागे दोऱ्या धरणारे चौघे.

साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभं राहून आबांनी सगळं सांगितलं. आवाज मोठा नव्हता, पण शेवटच्या बाकापर्यंत ऐकू गेला.

कंपनीचे वकील उठले. हुशार माणूस. त्यांनी विचारलं, ‘काठीची उंची किती?’

‘मोजत न्हाईत सायेब. देवाची हाय.’

‘उंचीच माहीत नाही, मग तार खाली होती हे कशावरून सांगता? त्या वर्षी काठीच मोठी केली असेल.’

आबांनी वकिलांकडे बघितलं, रागानं नाही.

‘सायेब, काठी तीच हाय. माजा आजा गेला तरी काठी तीच हाय. वाट तीच. धरनारं हात बी तेच. आदल्या वर्सी ताट गेली, म्होरल्या वर्सी ताट गेली. मदीच येकदा वाकली. मग हाललं कोन, काठी का तार?’

वकील म्हणाले, आपल्याला आणखी विचारायचं नाही. मॅडम उठल्या आणि तिन्ही जत्रांचे व्हिडिओ कोर्टाला दाखवले. मधल्या व्हिडिओतली रिकामी जागा कुणी आणि का रिकामी ठेवली, हे आता सगळ्यांना कळत होतं. त्यांनी युक्तिवाद जवळजवळ केलाच नाही. वाघाचं आणि पिंजऱ्याच्या कडीचं एक वाक्य बोलल्या आणि खाली बसल्या.

निकाल यायला जितका वेळ लागायचा तितका लागला. दावा मंजूर झाला. निकालात स्वच्छ लिहिलं होतं, की तार धोकादायकरीत्या खाली होती, ती सांभाळायची जबाबदारी कंपनीची होती, आणि अंबादास आकडा टाकत होता या म्हणण्याला कसलाही आधार नाही. ते वाक्य मी सुरेखाला वाचून दाखवलं. तिनं ते परत वाचायला लावलं. मग मुलीला पुढे घेतलं आणि म्हणाली, ‘आता हिला ऐकवा.’ मी तिसऱ्यांदा वाचलं. वकिलानं रडू नये म्हणतात. म्हणोत बापडे.

आबांनी मात्र साक्षीच्या दुसऱ्याच दिवशी देवळात जाऊन काठीचा पट्टा पुतण्याकडे दिला. गावानं काही म्हटलं नव्हतं, त्यांनीच ठरवलं. हे कळलं त्या दिवशी मॅडमनी एकही फाईल उघडली नाही. ऑफिसातले सगळे दिवे चालू होते आणि त्या त्यांच्याखाली नुसत्या बसून होत्या.

निकालानंतरच्या चैत्रात जत्रेचं बोलावणं आलं. मॅडम मानेचा पट्टा लावून, पांढरे बूट घालून आल्या. दिवस कलायला लागला तशी काठी देवळातून निघाली. हलगी वाजत होती, गुलाल उडत होता. आबा काठीजवळ नव्हते, गर्दीत मागे चालत होते. विहीर ओलांडून मिरवणूक पाणंदीच्या वळणावर आली आणि हलगी आपोआप थांबली. मी बघितलं, तर सगळं गाव मान वर करून तारेकडे बघत होतं. बायका, पोरं, म्हातारे, झाडून सगळे. मॅडमच्या त्या वेडावर इतकी वर्षं पेठ हसली, ते वेड त्या संध्याकाळी अख्ख्या गावाला लागलं होतं. काठी तारेखालून ताठ निघाली. तुरा आणि तार यांच्यात भरपूर आभाळ होतं. मॅडम कमरेतून वाकल्या होत्या, मी पाठीला हात लावून उभी होते. ‘ही पण आता येणार नाही,’ त्या पुटपुटल्या.

शिवेवरून परतताना काठी दारोदार थांबत सुरेखाच्या दाराशी आली. सुरेखानं मानकऱ्याच्या पायांवर पाणी घातलं आणि नारळ पुढे केला. गुरवानं तो हातात घेतला. गेल्या काही जत्रांची जीभ, ती सवयीनं वळलीच. ‘मारुतीचा...’ एवढं त्याच्या तोंडून निघालं होतं.

‘अंबादासचा,’ मागून आवाज आला.

गर्दी बाजूला झाली. आबा पुढे आले. हातात काठी नव्हती, पोटावर पट्टा नव्हता, पण आवाज मिरवणुकीला ऐकू जाईल असाच होता.

‘अंबादासचा नारळ हाय ह्यो. अंबादास मारुतीचा. नीट म्हन.’

गुरवानं नारळ वर धरला आणि अंबादासचं नाव घेतलं. मग दोऱ्या धरणाऱ्या चौघांनी घेतलं. मग सगळ्या गावानं घेतलं. सुरेखा उंबऱ्यात मुलीला धरून उभी होती. हलगी परत सुरू झाली, वर काठीचा तुरा हलत होता, आणि सगळ्यांचं लक्ष त्या तुऱ्याकडे होतं.

मी मॅडमना सावरायला त्यांच्या पाठीमागे हात नेला, तर हाताला पाठ लागेना. त्या वाकलेल्या नव्हत्या. मी त्यांना ओळखायला लागल्यापासून पहिल्यांदाच त्या वर बघत नव्हत्या, अगदी समोर बघत होत्या, त्या मुलीच्या तोंडाकडे.